आमचा गोतावळा

संपादकांचे दिवाळी अंकासाठी पत्र येते तेव्हा त्यात शेवटी एक ओळ हमखास असते : ‘यंदा काहीतरी खुसखुशीत द्या.’ चकली आणि लेख या दोन्ही गोष्टी मागणीबरहुकूम खुसखुशीत होत नसतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. तरी यंदा मी मनावर घेतले होते. घरोघरी कुटुंबाची म्हणून जी व्हॉट्सॲप-मंडळे निघाली आहेत, त्यांची थोडी थट्टा करावी, आपलीही करून घ्यावी, असा बेत होता. लेख निम्मा झाला आणि मध्येच वहिनी आडव्या आल्या. म्हणजे त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. त्या साताऱ्याला आणि मी पुण्याला. पण त्यांना वगळून हा लेख पुरा करणे मला जमेना. एकदा वगळून झाले आहे, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

पण आधी थट्टेचा भाग उरकून घेऊ.

आमच्या मंडळाचे नाव ‘आमचा गोतावळा’. सभासद त्रेसष्ट, साताऱ्यापासून सिडनीपर्यंत पसरलेले. संस्थापक माझा भाचा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि ज्या घरांत ट्रंककॉलच्या काळापासून ‘फोनवर कामापुरते बोलावे’ असा दंडक होता त्या घरांत एकदम सुकाळ झाला. त्या सुकाळातले हे अपत्य. भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याला वेळ होता. पुढे तो नोकरीला लागला, पण ॲडमिनपद काही त्याला सोडेना. मध्यंतरी कुणीतरी निवडणुकीच्या दिवसांत भलताच मजकूर टाकला तेव्हा तो इतका घाबरला की मला फोन करून ‘मामा, मला पोलीस धरतील का?’ असे विचारू लागला. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे एवढ्यावरून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असा निर्णय दिलेला आहे. तो मी त्याला वाचून दाखवला. तेव्हा कुठे त्याने दुपारचे जेवण केले.

सकाळी सहाला मामा सूर्योदय पाठवतात. सव्वासहाला आत्याचा गुलाब येतो. साताला हळदीचे, मेथीचे किंवा तांब्याच्या भांड्यातील पाण्याचे गुण कळतात. अफवा आवरण्यासाठी २०१८ च्या जुलैत व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. मामांनी त्यावर तोड काढली. ते एकच निरोप पाच-पाचाच्या पंगती करून वाढू लागले. लग्नात वाढपी म्हणून त्यांचा लौकिक होता, तो कामी आला.

मी पडलो मराठीचा मास्तर, तेव्हा माझे लक्ष शब्दांकडे जाते. पूर्वी आपण पत्र ‘लिहीत’ असू, निरोप ‘सांगत’ असू, बातमी ‘कळवत’ असू. आता सगळेच आपण ‘टाकतो’. बारसे टाकतो, मुंज टाकतो, मावशीचे ऑपरेशन टाकतो. केर, कचरा आणि आनंदवार्ता यांना एकच क्रियापद पुरावे, हे काही बरे नव्हे. कुणी गेल्याची बातमी आली की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे तेच दोन शब्द चाळीस वेळा एकाखाली एक येतात. एकदा तर एका दूरच्या वन्संनी गडबडीत नमस्काराच्या हातांऐवजी टाळ्यांचे हात पाठवले. तो प्रकार अजून निस्तरलेला नाही.

पण हे सगळे वरवरचे. खरी गंमत त्या निळ्या खुणांची आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात त्या आल्या. निरोप वाचला गेला की खुणा निळ्या होतात. वाटते तेवढी ही बारीकसारीक गोष्ट नाही. आपल्याकडे पोस्टखाते नुसती पत्रे पोचवत नव्हते, घराघरांतले अपराधही आपल्या शिरावर घेत होते. ‘पत्र मिळालेच नाही हो’ हे वाक्य किती संसारांना पुरले असेल! उत्तर न पाठवणारा सुटे, वाट पाहणाराही सुटे आणि दोघे मिळून पोस्टाला नावे ठेवत. निळ्या खुणांनी ती पळवाट बुजवली. एकास एक बोलण्यात त्या बंद करण्याची सोय आहे म्हणतात, पण समुदायात तीही नाही. कुणी वाचले आणि कुणी गप्प बसले याची यादीच मिळते. माझी एक मामेबहीण ती यादी रोज रात्री पाहते. तिला झोप लागत नाही, हे निराळे सांगायला नको.

येथवर लेख खुसखुशीत चालला होता. आता वहिनी.

गेल्या फेब्रुवारीत आईला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. आई साताऱ्याला दादाकडे असते. आदल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पाऊल काही पूर्वीसारखे पडेना. दादाची नोकरी फिरतीची. तेव्हा तिला उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, रात्री दोनदा उठून पाहणे हे सगळे वहिनींकडे. मी महिन्या-दीड महिन्यातून एखादा रविवार जात असे. स्वारगेटहून विनाथांबा गाडी पकडावी, खंबाटकीच्या घाटात एक डुलकी काढावी, दुपारी आईशेजारी बसून गप्पा माराव्यात आणि संध्याकाळी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन परत फिरावे, असा क्रम.

पंच्याहत्तरीला वहिनींनी कणकेचे पंच्याहत्तर दिवे केले होते. पहाटे उठून. संध्याकाळी आईला खुर्चीत बसवले, मी तिच्या शेजारी पाटावर बसलो, आणि वहिनी ते भले मोठे ताट घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. घरातलीच साडी, कपाळावर घाम, एका गालाला कणीक. त्या ओवाळू लागल्या तेव्हा आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर फोटो काढला. फोटो फार सुरेख आला होता. पंच्याहत्तर ज्योतींचा उजेड आईच्या सुरकुत्यांवर पडला होता, आणि मी तिच्याकडे पाहत होतो. डाव्या बाजूला ताट धरलेल्या वहिनी होत्या.

रात्री मी तो फोटो हाती घेतला. चौकट जरा पसरट वाटत होती. डावीकडे फार गर्दी वाटत होती. बोटाने ती कडा थोडी आत ओढली. आणखी थोडी. आता कसे नेमके झाले! आई, दिवे आणि मी. त्याखाली आईच्या हातांविषयी तीन परिच्छेद लिहिले. लिहिणे हा माझा धंदाच आहे. या हातांनी आम्हाला कसे भरवले, वगैरे. मग ते फेसबुकवर टाकले आणि गोतावळ्यातही टाकले.

दोन दिवस मी अक्षरशः हवेत होतो. जुने विद्यार्थी आले, कॉलेजातले सहकारी आले, पंचवीस वर्षांत न भेटलेले वर्गमित्र आले. ‘असा मुलगा सर्वांना मिळो’ म्हणाले. एकाने श्रावणबाळ म्हटले. मी प्रत्येकाचे वेगवेगळ्या शब्दांत आभार मानले. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. गोतावळ्यात वहिनींनी नुसता अंगठा पाठवला. मराठीत अंगठा दाखवणे याचा अर्थ काय होतो, हे मी वर्गात शिकवतो. पण त्या दिवशी मला तो सुचला नाही.

पुढे आठ-दहा दिवसांनी आमच्या सौभाग्यवतींनी जेवताना सहज म्हटले, “वहिनी गोतावळ्यातून गेल्यात.”

“गेल्यात म्हणजे?”

“बाहेर पडल्यात. कधीच्या. मला तुमच्या भाच्यानं सांगितलं.”

पूर्वी कुणी समुदाय सोडला की तशी ओळ सर्वांना दिसत असे. २०२२ पासून ती पद्धत बंद झाली. आता फक्त ॲडमिनला कळते. मला वाटते, आपल्या रुसव्याच्या परंपरेला हा मोठा धक्का आहे. जुन्या घरात कुणी रुसले तर त्याला आवाज असे. पाट सरकवल्याचा, भांडे आदळल्याचा, माजघराचे दार लागल्याचा. आवाज झाला की कुणीतरी समजूत घालायला उठे. इथे त्रेसष्टांतले एक माणूस उठून गेले आणि बासष्टांना पत्ता नाही. मामांचा सूर्योदय वेळेवर येतच होता.

“पण का?” मी विचारले.

सौ.ने माझा मोबाइल उचलला, तो फोटो काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाली, “नीट बघा.”

मी पाहिले. आई होती, मी होतो, दिवे होते. ताट होते. आणि ताटाखाली एक हात होता. मनगटापर्यंत. दोन हिरव्या बांगड्या, मध्ये एक सोन्याची पाटली, आणि त्याच्या पुढे फोटो संपला होता.

मला एकदम वडिलांची आठवण झाली. २००१ साली मी एम. ए. साठी पुण्यात राहत होतो. घरी फोन होता, पण वडिलांचा दंडक असा की आठवड्याला एक पत्र आलेच पाहिजे. त्या पत्रांत मजकूर फारसा नसे. मायना आणि शेवट यांतच अर्धे अंतर्देशीय भरे. ‘ती. बाबांस’, ‘ती. सौ. आईस’, आणि शेवटी ‘ती. दादा व सौ. वहिनींस सा. न.’ एकदा मी घाईत वहिनींचे नाव गाळले. त्या तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. उलट टपाली वडिलांचे कार्ड आले. त्यात एवढेच होते : ‘पत्र पोचले. अपुरे आहे.’ तेव्हा आम्ही मुले त्या ठरीव मायन्यांना हसत असू. पण त्या ठरीवपणामुळे घरातले कुणी गाळता येत नसे. नाव घ्यावेच लागे, मनात असो वा नसो. आणि याच वहिनी तेव्हा एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पुण्याला माझ्यासाठी लाडवांचा डबा पाठवत असत, तो घ्यायला मी स्वारगेटला जात असे.

त्या रात्री मी वहिनींना क्षमेचा निरोप लिहिला. तीनदा खोडला. चौथा पाठवला. पाच मिनिटांत खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मामेबहिणीला मी जन्मभर हसलो, आता रात्री साडेअकराला उशीखालचा मोबाइल काढून मीही त्या खुणा पाहू लागलो. पाचव्या दिवशी आणखी लांबलचक लिहिले. त्यावर दादाचा फोन आला. “अरे, इतकं लिहितोस कशाला? तिचा चष्मा बदलायला झालाय,” एवढे म्हणून त्याने पावसापाण्याची चौकशी केली. फेब्रुवारीत!

मग मात्र मी निमूटपणे चिरंजीवांकडून मूळचा फोटो मागून घेतला. त्याच्याकडे तो सबंध होता. फोटोवाल्याकडे जाऊन त्याची मोठी प्रत काढली, लिफाफ्यात घातली आणि रविवारी गाडीत बसलो. घाटात डुलकी आली नाही.

वहिनी ओट्यापाशी मेथी निवडत होत्या. “या भाऊजी. चहा ठेवते,” म्हणाल्या. स्वर नेहमीचा. तेच अधिक अवघड असते. रागावलेल्या माणसाशी बोलता येते.

मी काहीतरी बोललो. काय ते आता आठवत नाही. तीन परिच्छेद लिहिणाऱ्याला तीन वाक्ये नीट जमली नाहीत एवढे खरे.

“फोटोचं काय एवढं, भाऊजी,” त्या भाजीकडे बघत म्हणाल्या, “माझे फोटो तसेही चांगले येत नाहीत. अवतारच होता त्या दिवशी.” जरा थांबून म्हणाल्या, “पण तो कऱ्हाडला माझ्या आईनं पाहिला. माझ्या भाचीनं दाखवला तिला. ती मला फोनवर विचारते, अगं, सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला तू घरी नव्हतीस का? म्हटलं, होते की. म्हणते, हात तर तुझाच दिसतोय, पाटली मीच घातलेली. मग तू कुठं आहेस?”

चहा उतू गेला. तो त्यांनी पुसला.

“तिला काय सांगणार? मी म्हटलं, फोटोत मावले नाही.”

मी लिफाफा पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसून तो घेतला, फोटो बाहेर काढला आणि बराच वेळ पाहिला. “अय्या, गालाला कणीक आहे की! कुणी सांगितलंसुद्धा नाही,” म्हणाल्या. आणि हसल्या. मला जरा धीर आला. मी म्हटले, हाच सबंध फोटो आजच्या आज सगळीकडे टाकतो. खाली तुमच्याविषयी लिहितो.

“छे, छे, तसलं काही करू नका. आता टाकलात तर सगळे विचारतील, आधी का नव्हत्या? मग कुणीतरी तुम्हाला बोलेल, कुणी मला बोलेल. अन् आईंच्या कानावर गेलं तर त्यांना उगीच लागेल.”

“मग पहिला काढून टाकू?”

“राहू दे. इतक्या लोकांनी चांगलं म्हटलंय.” त्यात टोमणा होता की नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही. दर फेब्रुवारीत फेसबुक आपण होऊन तो फोटो ‘आठवण’ म्हणून माझ्यापुढे आणून धरील, तेव्हा मी पुन्हा विचार करीन.

मग चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला दोन दिवस राहता येईल का? आईकडं जाऊन येईन म्हणते. आई पडल्यापासून जायलाच झालं नाही.”

सातारा ते कऱ्हाड म्हणजे पन्नास-एक किलोमीटर. एस.टी. दिवसभर चालू असते. आणि त्या सव्वा वर्षात तिथे गेल्या नव्हत्या. आम्ही बासष्ट जण रोज सकाळी एकमेकांना गुलाब पाठवत होतो, पण हे कुणालाच माहीत नव्हते. त्यांनी तसे कुठे टाकले नव्हते.

सोमवारी मला दोन तास होते आणि मंगळवारी परीक्षा विभागाची बैठक. मी रजा कळवली. वहिनींनी मला एका वहीच्या पानावर सगळे लिहून दिले : कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, उठवताना हात कुठे धरायचा, रात्री कितीला जाग येते. वळणदार, सुवाच्य अक्षर. पंचवीस वर्षांत मी ते अक्षर पहिल्यांदाच नीट पाहत होतो.

त्या दोन दिवसांचे वर्णन करत नाही. केले तर पुन्हा तीन परिच्छेद होतील आणि पुन्हा मीच मध्ये बसेन. एवढेच सांगतो की पहिल्या रात्री दीडला आईने हाक मारली ती वहिनींच्या नावाने. मी गेलो तर म्हणाली, “तू नको रे, तिला बोलाव.” ती गावाला गेली आहे म्हटल्यावर बराच वेळ तशीच पडून राहिली. मग म्हणाली, “बरं, धर.” हात कुठे धरायचा ते कागदावर होते, तरी चुकलोच. दुसऱ्या रात्री कमी चुकलो. मोबाइल दोन्ही दिवस बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवला होता. दादा मंगळवारी दुपारी दौऱ्यावरून आला, मला पाण्याची बादली नेताना पाहिले आणि काही न बोलता दुसरी उचलली.

वहिनी संध्याकाळी परत आल्या. मेतकुटाचा डबा त्यांच्या आईने माझ्यासाठी दिला होता. आईंची विचारपूस झाली, गोळ्या मोजून झाल्या, एक जास्त शिल्लक निघाली त्याबद्दल मला बोलून झाले. त्या बोलल्या, त्याचे मला किती बरे वाटले म्हणून सांगू! गोतावळ्यात त्या अजून परत आलेल्या नाहीत. भाच्याने दोनदा विचारून पाहिले. दादा सकाळी चहाच्या वेळी महत्त्वाचे तेवढे वाचून दाखवतो, सूर्योदय वगळून, आणि त्यांचे त्यावाचून काही अडत नाही असे दिसते. माझे मात्र अडते. लेखनाची फुशारकी मारायला मला अजून तीच जागा आहे. हा लेखही मी तिथे टाकणार होतो, पण आधी वहिनींना फोनवर सबंध वाचून दाखवला. त्यांनी एके ठिकाणी दुरुस्ती सुचवली. भाजी मेथीची नव्हती, शेपूची होती. ती तशीच ठेवली आहे, कारण संपादकांना शेपू आवडत नाही.

त्या मंगळवारी निघताना मी चपला घालत होतो, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

“भाऊजी, तो फोटो आईनं ठेवून घेतला हो. देवाच्या फळीवर ठेवलाय. मला एक काढून द्याल का?”

देतो म्हटले. फोटोवाल्याला दोन प्रती सांगितल्या आहेत. एक त्यांना आणि एक इथे, माझ्या टेबलावर.